सुधारलंस गो!

मे महिन्यात आम्ही माहेरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. देवगडच्या खाडीवरून वारं यायला लागलं होतं, पण खळ्याच्या कडेचा कातळ अजून तापलेलाच होता. पडवीभर आंब्याच्या पेट्या, भाताचा पेंढा, आणि या सगळ्यावर पिकत्या हापूसचा तो जड वास. केसांत बसतो आणि दोन दिवस जात नाही असा. शेजारची माई आमची वाट बघत पायरीवरच बसली होती. ऐंशी कधीच ओलांडलेली, अंगाने पोफळीच्या खोडासारखी सडसडीत. तिने माझ्या सोळा वर्षांच्या लेकीला जवळ ओढलं, तिचा दंड अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच दाबला आणि तोंडभर हसून म्हणाली, "गो बाय! कितक्या सुधारलंस गो!" लेक हसली. वाकून नमस्कारही केला. मग आत गेली आणि रात्री जेवायला आली ती ताटावर नुसती बसायला. वहिनीने खास तिच्यासाठी शिरवाळे केले होते, नारळाच्या गोड रसातले. त्यातलं तिने चमचाभर घेतलं. भूक नाही म्हणाली. झोपण्याआधी मी माजघरात पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, तर कपाटाच्या आरशासमोर ती उभी होती. दिवा अंधुक होता. डाव्या हाताचा दंड तिने उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत धरला होता. अगदी माईने धरला होता तसाच.

मी तांब्या न ठेवताच मागे फिरले.

"सुधारणं", म्हणजे अंगाने भरणं, हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मुंबईचे चाकरमानी गणपतीला आले की एसटीतून उतरताच त्यांच्यावर या शब्दाचा वर्षाव व्हायचा. बाळंतीण माहेरी महिनाभर राहून डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खाऊन परत निघाली की सगळी आळी म्हणायची, सुधारली हो. कुणाचा मुलगा आजारातून उठला, गालावर जरा मांस दिसायला लागलं, की तेच. त्या शब्दात निंदा नव्हतीच. त्यात एक सुटकेचा श्वास होता, की चला, यंदा तरी हे घर पोटभर जेवलं. उलट "वाळलास रे" हे काळजीचं बोलणं. तेही घरातल्या माणसाने, हळू आवाजात बोलायचं. गुटगुटीत, गरगरीत, टपोरं, रसरशीत, टच्च भरलेलं, बाळसेदार असे किती तरी शब्द आपल्याकडे आहेत आणि बोलताना ते तोंडात गोड लागतात. पण माझ्या लेकीच्या कानांवर यातला एकही शब्द तसा पडत नाही. तिच्या वर्गात, तिच्या मोबाइलमध्ये, कपड्यांच्या दुकानातल्या त्या उभ्या आरशांत या सगळ्यांचा मिळून एकच अर्थ झाला आहे. माईने तिला आशीर्वाद दिला आणि तिच्या हातात दगड पडला. यात चूक कुणाची, हे मला त्या रात्री कळलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दादा बागेत निघाला तशी मीही त्याच्यामागून गेले. उन्हं चढायच्या आत आंबा उतरवायचा आणि सावलीत आणायचा, ही त्याची वडिलांकडून आलेली शिस्त. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, तो एकेक फळ देठासकट अलगद उतरवत होता आणि मी खाली क्रेटमध्ये लावत होते. किती वर्षांनी हे काम करत होते मी! एका फळावर माझं बोट गेलं, तर तो म्हणाला, "हा नाही, अजून खांदे भरले नाहीत याचे." मला एकदम वडिलांचा आवाज आठवला. तेही असंच म्हणायचे. कोवळ्या आंब्याचा देठ वर असतो आणि दोन्ही बाजू त्याच्यापासून उतरत गेलेल्या असतात, खांदे पाडून बसलेल्या माणसासारख्या. फळ तयार होत जातं तसे ते खांदे वर येतात, देठाच्याही वर जातात, आणि देठ मधल्या खळग्यात बसतो. हिरवा रंगही जरा फिकट होतो. तो झाला चौदा आणे तयार आंबा, उतरवायला योग्य. सोळा आणे झाडावर ठेवला तर लांबच्या बाजाराला जाईपर्यंत टिकत नाही. बारा आण्यांचा काढला तर पिकायच्या जागी सुरकुततो आणि चवीला पाणचट लागतो. आणे चलनातून गेले त्याला साठ-सत्तर वर्षं होत आली, पण आंब्याचं भरणं आम्ही अजून आण्यातच मोजतो. शंका आली की पाण्यात सोडून बघायचं. तयार फळ तळाशी जातं, कोवळं तरंगतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात केवढा आनंद झाला होता. त्या कागदात काय काय लिहिलंय ते दादाला ठाऊक असेलही, पण त्याचा सगळा भरवसा त्या दोन खांद्यांवर.

वरून सुंदर भरलेला आंबा कापला आणि आत साका निघाला की होणारं दुःख आंबेवाल्यालाच कळतं. साल तुकतुकीत, खांदे भरलेले, वासही चांगला, आणि आत गराचा पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग. बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना काढला, तो साक्यापासून मुक्त. पुढे १९९२ मध्ये रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधु काढला. त्याची कोय इतकी पातळ की तो जवळजवळ सगळा गरच. वडिलांनी सिंधुचं एक कलम हौसेने लावलं होतं. पहिलं फळ कापल्यावर ते बराच वेळ ती कागदासारखी कोय हातात घेऊन बसले होते. बोलले काहीच नाहीत. मला तेव्हा वाटलं, फळ आवडलं नाही. आता वाटतं, एवढं भरलेलं फळ आणि आत रुजायला काहीच नाही, हे त्यांना कुठे तरी लागलं असावं. ते विचारायचं राहून गेलं.

बागेतून येताना वाटेवर शेवटचे बोंडू पडलेले होते. काजूची एक गंमत मला फार आवडते. आपण ज्याला फळ म्हणून चोखतो तो बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खरं फळ खाली लोंबणारी ती बी. ती आधी पुरी वाढते, हिरवी, टच्च, आपल्या पूर्ण मापाची होते, आणि तोवर वरचा देठ काडीसारखाच असतो. मग शेवटच्या काही दिवसांत तो देठ झपाट्याने भरतो, रसाने ताणला जातो, लाल-पिवळा होतो. मी एक बोंडू उचलून दाबला तर रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्याचे डाग जात नाहीत म्हणून आई ओरडायची. तरी आम्ही सगळी भावंडं उन्हाळाभर त्या डागांचेच कपडे घालून हिंडायचो.

आई.

आई भरलेली बाई होती. जाडी हा शब्द तिच्यासाठी माझ्या मनात कधी आलाच नाही, बाहेर कुणी तिला तसं म्हटलं असेलही. तिच्या दंडाच्या आतल्या बाजूची कातडी गार असायची. भर मे महिन्यात, लाइट गेलेल्या दुपारी, मी तिथे गाल लावून झोपायचे. तिच्या अंगाला घामाचा, खोबरेल तेलाचा आणि चुलीतल्या धुराचा मिळून एक वास होता. घावणे घालायला बसली की तिचे पोटऱ्यांचे दोन गोळे पाटाच्या दोन्ही बाजूंना विसावायचे. कासार दारावर आला की तिचा हात हा त्याच्या कसोटीचा विषय. मनगटाला सव्वादोनची बांगडी शोभेल, पण पंजा मांसल, अडीचच्या खाली काही चढेना. तो तिचा अंगठा तळहातात दुमडून, बोटं एकत्र आवळून, जरा जरा फिरवत बांगडी पुढे सरकवायचा. आई डोळे मिटून घ्यायची. शेवटच्या सांध्यावरून बांगडी सुटून मनगटावर आली की दोघंही एकदम श्वास सोडायचे. त्या हिरव्या बांगड्या मग कधी निघायच्या नाहीत. फुटतील तेव्हाच.

शेवटच्या वर्षी आजाराने तिचं अंग उतरत गेलं. आधी गाल गेले, मग दंड. एका संध्याकाळी तिला कूस बदलून देताना हात वर केला, तर बांगड्या घरंगळत थेट कोपराच्या वर गेल्या आणि तिथेही सैलच राहिल्या. मी त्या खाली आणल्या. पंजावरून एकेक सरळ निघून माझ्या हातात आली. साबण लागला नाही, अंगठा दुमडावा लागला नाही. आई माझ्याकडे बघत होती. तिने हात पुढे केला, मी त्या परत घातल्या आणि वर दोऱ्याने बांधून टाकल्या. त्या महिन्यात भेटायला आलेल्या बायकांपैकी एकीनेही "वाळलीस" म्हटलं नाही. माई तेवढी रोज यायची, आईचा दंड त्याच अंगठ्यात आणि दोन बोटांत धरायची आणि काही न बोलता सोडायची.

हे दाबून बघणं माईच्या हातातच आहे. आयुष्यभर ती खाडीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरत आली. अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या, पुनवेच्या पोकळ, असं आमच्याकडे सगळेच मानतात, पण माई तिथी बघून थांबत नाही. लहानपणी तिने मला शिकवलं होतं. दोन कुर्ल्या, दिसायला सारख्याच. मी मोठे डेंगे, म्हणजे नांग्या, बघून एकीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "डोळ्यांनी काय बघतंस? हातान बघ." एक उचलली तर दगडासारखी जड, दुसरी नुसता डबा. जी पोकळ ती नुकतीच कवच टाकून नव्या कवचात आलेली. कुर्ली जुनं कवच टाकते तेव्हा पाणी शोषून अंग फुगवते, त्या फुगल्या अंगावर नवं कवच घट्ट होतं, आणि मग आतल्या पाण्याच्या जागी मांस भरायला तिला दिवस लागतात. म्हणजे पोकळ कुर्ली मेलेली नाही की रोगट नाही, ती वाढते आहे. माई तशी कुर्ली परत पाण्यात सोडायची. पुढच्या खेपेला मिळेल म्हणायची. केंड मासा मात्र जाळ्यात आला की ती दूर सरायची. पाणी गिळून चेंडूसारखा टम्म होणारा तो मासा, आत विष. आणि पावसाळ्यानंतरच्या तारल्या! पावसात समुद्र ढवळून निघतो, त्यांना खायला भरपूर होतं, आणि पुढे त्या इतक्या चरबीच्या होतात की तव्यावर टाकल्या की स्वतःच्याच तेलात चुरचुरत राहतात. माई बोटाने त्यांचं पोट दाबून वास घ्यायची आणि डोळे मिटायची. थंडीत आमच्या किनाऱ्यावर येणारे तपकिरी डोक्याचे कुरव पक्षीही मार्चअखेरीला असेच जडावलेले दिसतात. लडाख-तिबेटच्या तलावांकडे अंडी घालायला जायचं असतं त्यांना. त्या अंगावरच्या चरबीवरच ती वाट उडायची.

माझे वडील भाताच्या बियाण्यावरही हाच न्याय लावायचे. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात बियाणं ओतायचं. फोल तरंगतं, भरलेला दाणा बुडतो. वर आलेलं काढून टाकायचं, खालचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. ते काम माझ्याकडे असायचं. तरंगणारे दाणे तळहाताने बाजूला करताना मला वाईट वाटायचं. वरून ते अगदी तसेच दिसायचे, टरफलात काही फरक नसायचा. श्रावणात भात पोटरीला आलं की वडील संध्याकाळी बांधावरून चालताना हात खाली सोडून ती फुगीर पोटरी बोटांनी चाचपत जायचे. पायाच्या मागच्या गोळ्याला आणि लोंबी पोटात धरलेल्या भाताला आपण एकच शब्द का वापरतो, हे मला त्यांच्या बोटांकडे बघून कळलं.

परतायच्या आदल्या दिवशी गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवतात तिथे, गेले होते. मातीचं काम नुकतंच सुरू झालेलं. आमच्या घरचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. मूर्तिकार काका एका बैठ्या मूर्तीचं पोट करत होते. बाकी सगळ्याला कोरणी, पोटाला फक्त ओला तळवा. तळवा पाण्यात बुडवायचा आणि खालून वर, गोल, न थांबता फिरवायचा. मातीवर ओली चमक यायची आणि विरायची. "पोट आधी, बाकी सगळा मागसून. पोट चुकला तर देव चुकलो," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी सांगितलं की गेल्या वर्षी कुणी तरी मोबाइलवर फोटो आणला होता, सपाट पोटाचा आणि पिळदार दंडांचा गणपती करून द्या म्हणून. त्यांनी करून दिला. गिऱ्हाइकाला नाही म्हणवत नाही. "पण हात थांबत होतो," म्हणाले. तुंदिलतनु म्हणून ज्याची आपण आरती-स्तोत्रं म्हणतो, त्या देवाचंही पोट आता कुणाला तरी खटकतं, हे ऐकून मला फार लागलं. आणि त्याच क्षणी आरशासमोरची लेक आठवली.

मी भाबडी होऊन लिहीत नाहीये. माझ्या घरात साखर आहे. दादाची आहे, आईची होती, माझी कडेला आहे. डॉक्टरांनी पोटाचा घेर मोजून मला स्पष्ट सांगितलं आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी २४ टक्के वजनाने जास्त निघाल्या, आणि त्याच पाहणीत जवळपास १९ टक्के कमी वजनाच्या. हे दोन्ही आकडे एकाच देशातले, कधी कधी एकाच आळीतले, एकाच घरातलेसुद्धा. एकीला खाऊ नको म्हणायचं आणि दुसरीला खा गं बाई म्हणून विनवायचं. माझ्या लेकीच्या वजनात काही वावगं नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. वयात येताना मुलीचं अंग भरतं तेवढंच ते भरलंय. तरी ती भात सोडते, आणि मी काही बोलले की दार लावून घेते.

त्या संध्याकाळी मी माईकडे गेले. बोलायचं ठरवूनच गेले होते. म्हटलं, "माई, चेडवाक तसा सांगू नको गो. आताच्या पोरांका वाईट वाटता." माई सुपात तांदूळ पाखडत होती. हात थांबला नाही. बऱ्याच वेळाने, सुपातलं फोलपट खळ्यात उडवून, ती म्हणाली, "माझ्या थोरल्यान अंगच धरूक नाय गो. दीड वर्षाचो होतो. हातात घेतलंय काय ह्या फोलासारखो लागायचो." मला तिचा थोरला म्हणजे मुंबईचा मुलगाच माहीत होता. त्याच्या आधी कुणी होतं, हे पन्नास वर्षांच्या शेजारात मी पहिल्यांदा ऐकत होते.

माणसाचं बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या वजनातला साधारण १५ टक्के भाग चरबीचा असतो, इतर बहुतेक प्राण्यांच्या पिल्लांपेक्षा किती तरी जास्त. वाढत्या मेंदूला लागणारी ती शिदोरी असते. हे मी कधी तरी वाचलं होतं. बाळसं धरणं म्हणजे काय ते मला त्यातून समजल्यासारखं वाटलं होतं. माईच्या सुपाशी बसल्यावर वाटलं, मला काहीच समजलं नव्हतं. बाळाच्या मनगटावर पडणाऱ्या त्या दोन वळ्या दिसाव्यात म्हणून एक बाई दीड वर्षं रोज ते मनगट उजेडात धरून बघत होती. त्या वळ्या तिला कधी दिसल्या नाहीत. त्यानंतर साठ वर्षं ती आळीतल्या प्रत्येक मुलाचा दंड दाबून बघते आहे.

लेकीला मी हे सांगितलं, पण लगेच नाही. गाडीत नाही, घरी आल्यावर आठवड्याने. तिने ऐकून घेतलं. डोळे खाली होते. "मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाली. दादाने पाठवलेली पेटी त्याच दिवशी उघडली होती. पेंढा बाजूला करून आम्ही दोघी फळं काढत होतो, पिकलेली वेगळी, हिरवट वेगळी. बोलता बोलता तिने दोन आंबे दोन हातांत घेतले, जरा वर-खाली केले आणि डोळे मिटले. मग डाव्या हातातला माझ्यापुढे धरला. "हा हलका आहे आई. मामाने कोवळा काढलाय."

मी तो घेतला. खांदे उतरलेले होते.

रात्री तिने आमरस वाटीभर घेतला. पोळी एकच घेतली. दुसरी मी हातात धरली होती. ती माझ्याकडे बघत होती. मी ती परत डब्यात ठेवली. थोड्या वेळाने डबा तिच्या बाजूला सरकवला, झाकण उघडंच ठेवून.